पोरगा म्हणतो भारताकडून खेळायचंय. तालमीला 'नाही' कसं म्हणायचं?

शिरोली_सेकंडशिफ्ट

नमस्कार मंडळी. इथं वाचतो रोज, लिहितोय पहिल्यांदाच. सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेत घर. शिरोलीला फौंड्रीत आहे, मोल्डिंगला. पोरगा नववीत, ऑगस्टमध्ये चौदा पूर्ण झाला. उंची पाच फूट दोन इंच, वजन एक्केचाळीस किलो. फुटबॉल खेळतो, उजव्या बाजूनं विंगला, म्हणजे कडेनं पळत पुढं जाणारा. मी बाप आहे म्हणून सांगत नाही, पण पळायला लागला की बघणारी चार माणसं चहा तसाच धरून उभी राहतात.

घरात कपाटाच्या आतल्या बाजूला त्यानं स्केचपेननं भारताची टीम लिहिलीय. अकरा जागा, दहा नावं. उजवी विंग रिकामी सोडलीय. बायकोनं परवा कपाट आवरताना बघितलं आणि मला बोलवून दाखवलं. दोघंही काही बोललो नाही.

आता अडचण सांगतो. तीन गोष्टी एकदमच आल्यात.

एक, आमच्या तालमीच्या (कोल्हापुरात पेठेची फुटबॉल टीम तालमीचीच असते) कारभाऱ्यांनी निरोप धाडलाय की यंदा पोराचं नाव सीनियर टीममध्ये नोंदवायचं. सगळे ओळखीचे, वडिलांच्या वेळेपासून घरोबा. आमचे वडील वारले तेव्हा सगळं याच लोकांनी केलं होतं. कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको, पेठेचा टी-शर्ट घालून शाहू स्टेडियमवर उतरणं म्हणजे काय असतं. पोरगं तर हवेतच आहे.

दोन, पुण्याकडच्या एका खासगी निवासी अकॅडमीचा माणूस पोराचा खेळ बघून गेला. वर्षाला साडेतीन लाख म्हणतो. माझा पगार हातात चोवीस हजार येतो. वर म्हणाला, आत्ता वीस हजार भरून ठेवा, 'परदेशी ट्रायल'च्या यादीत नाव घालतो.

तीन, हे लिहायला जरा लाज वाटतेय. जवळच्या एका पाहुण्यांनी सुचवलं की दाखल्यावर पोराचं वय दीड वर्षानं कमी करून घ्या, सगळेच करतात, खालच्या गटात खेळला की उठून दिसेल. मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

आमच्या गल्लीत दिवे लागले तरी त्याची प्रॅक्टिस चालू असते. धाकटी गोलात उभी राहते, हा मारत राहतो. रात्री एकला मी ड्युटीवरून येतो तेव्हा फ्रीजच्या मागं त्याचे स्टड वाळत घातलेले असतात, आत पेपरचे बोळे कोंबून. ते बघितलं की झोप उडते.

काय करावं? खेळलेल्या माणसांनी सांगावं. नुसतं 'प्रयत्न करत राहा' नको.

---

स्पष्टवक्ता_७२

कटू बोलतो, राग मानू नका. कुठल्या टीमची स्वप्नं बघताय? २०२५च्या ऑक्टोबरात आपल्याच मडगावात सिंगापूरकडून २-१ हरून आशिया चषकाच्या बाहेर गेलो. पुढच्या महिन्यात ढाक्यात बांगलादेशकडून हरलो. त्यानंतर क्रमवारीत १४२वे. जुना कॅप्टन सुनील छेत्री, त्याला चाळिशीत निवृत्तीतून परत बोलवावं लागलं. त्यात वरची लीगच काही महिने अडून पडली, सीझन कधी सुरू होणार ते खेळाडूंनाच ठाऊक नव्हतं. पोराला आयटीआयला घाला. फुटबॉल रविवारी खेळायचा असतो.

---

डावा_बॅक

स्पष्टवक्ते साहेब, आकडे बरोबर आहेत. पण चौदा वर्षांच्या पोराला कळतं ते फक्त उजवी विंग रिकामी आहे एवढंच, आणि तुमच्या आकड्यांवरून तर ते खरंच दिसतंय.

शिरोलीवाले दादा, तुमच्या तीन गोष्टींतल्या तिन्हींतून मी गेलोय. उलट्या क्रमानं सांगतो, कारण तिसरी सगळ्यात वाईट.

माझा जन्म नोव्हेंबर १९९४चा. सहावीत असताना आमच्या एका नातेवाइकानं शाळा बदलताना कागदावर जानेवारी १९९६ करून आणला. घरात पेढे वाटले होते, खोटं नाही सांगत. पुढची दोन वर्षं मी जिल्ह्यात हवा केली. करणारच की. माझ्यासमोरचं पोरगं माझ्या खांद्याला लागत होतं. मी त्याला ढकलून बॉल घ्यायचो आणि लोक म्हणायचे, काय टॅकल आहे! टॅकल कसला, चौदा महिन्यांचा फरक होता तो. त्या दोन वर्षांत मी उजव्या पायानं पास द्यायला शिकलो नाही, कारण शिकायची गरजच पडली नाही. हे मला कळलं बावीसाव्या वर्षी.

मग २०१०ला राज्याच्या एका कॅम्पला निवड झाली. तिथं डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढला. आता त्याला सगळे टीडब्ल्यू-३ म्हणतात. मनगटातली आणि बोटांतली हाडं किती भरलीत त्यावरून वय काढतात. फिल्म उजेडात धरून बघणारा माणूस चेहऱ्यानं चांगला होता. त्यानं मला विचारलं, 'बाळ, वाढदिवस कधी?' मी जानेवारी म्हणालो. तो काहीच बोलला नाही. संध्याकाळी बॅग भरायला सांगितली. परत येताना कराडपर्यंत रडलो, पुढं झोप लागली.

खऱ्या वयाच्या गटात तरी जायचं म्हटलं तर कागद दुसरंच बोलत होते. दहावीचं सर्टिफिकेट त्याच तारखेनं निघालं, मग आधार, मग लायसन. आजही माझा कागदावरचा वाढदिवस खोटा आहे. बायको त्या दिवशी मुद्दाम केक आणते.

आता देशाच्या फुटबॉल फेडरेशनकडं प्रत्येक पोराची ऑनलाइन नोंदणी होते. एकदा जन्मतारीख चढली की ती त्याच्या मागं आयुष्यभर. त्या पाहुण्यांना चहा पाजा आणि विषय बदला.

दुसरी गोष्ट, वीस हजार. ट्रायलला पैसे मागितले की पायात चप्पल घालायची आणि निघायचं. आमच्या वेळी दुबई असायचं, आता स्पेन असतं. तिथं सुट्टीत खुल्या मैदानावर चार मैत्रीचे सामने खेळवतात, क्लबच्या बोर्डाखाली फोटो काढतात आणि परत. ज्याला खरंच पोरगा हवा असतो तो तुमच्याकडून पैसे घेत नाही, उलटा खर्च करतो. जमशेदपूरची टाटा अकॅडमी १९८७पासून पोरं घेते, शिकवते, सांभाळते. घणसोलीत रिलायन्स फाउंडेशनची आहे, तिथंही निवडलेल्या पोराची शाळा, राहणं, जेवण त्यांच्याकडं. जागा मोजक्या आणि झुंबड मोठी, हे खरं. पण निवड झाली नाही तर नुकसान एका एसटीच्या तिकिटाचं.

सरकारी बाजूनं क्रीडा प्रबोधिनी, म्हणजे राज्य सरकारची खेळाडू पोरांसाठीची निवासी संस्था. आपल्या अनिकेत जाधवचंच बघा. कोल्हापूरचं पोरगं, पुण्यात बालेवाडीला प्रबोधिनीत लहानपणीच गेलं. २०१७ला भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला, दिल्लीत अमेरिकेविरुद्ध पहिला सामना, त्यात तो उतरला. त्या दिवशी आमच्या चौकात पडदा लावला होता. ०-३ हरलो, तरी हलगी थांबली नाही. पुढं २०२२मध्ये तो सीनियर टीमकडूनही खेळला. लोक म्हणतात कोल्हापूरच्या फुटबॉलनं अनिकेत दिला. दिलाच, पण कोल्हापूरनं त्याला वेळेवर सोडला हेही म्हणा की.

आणि आता पहिली गोष्ट. ही लिहायला मला जड जातंय, कारण तालमीचं मी खाल्लंय.

तिकडं पुण्यात मला कुणी ओळखत नव्हतं. कॅम्पमधून हाकलून आलो आणि पुढच्याच सीझनला पेठेकडून उतरलो. सोळा वर्षांचा होतो. दुसऱ्या की तिसऱ्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला गोललाइनवरून बॉल काढला. दुसऱ्या दिवशी चौकात माझा फ्लेक्स. माझ्यापेक्षा माझे दात मोठे दिसत होते त्यात. सलूनवाला पैसे घेईना, गंगावेशीत दूध प्यायला गेलो तर पेल्यावर साय जास्त. कोल्हापुरात ईर्षा म्हणतात ती हीच. समोरच्या पेठेचं पोरगं दिसलं तरी छाती फुगते. बाहेरच्याला सांगून कळणार नाही. कामाच्या दिवशी दुपारी हजारो माणसं फुटबॉल बघायला येणारी गावं देशात किती आहेत? कोलकाता, केरळ, गोवा, ईशान्येकडं आणि आपण.

पण दादा, त्या फ्लेक्सनं मला संपवलं. सोळाव्या वर्षी राजा झालेला माणूस सतराव्या वर्षी परक्या गावात पहाटे पाचला उठून नवव्या नंबरच्या पोरासारखा रांगेत का उभा राहील? एका क्लबच्या ज्युनियर टीमची ट्रायल होती, मी गेलो नाही. त्याच दिवशी पेठेची सेमीफायनल होती. मला कुणी अडवलं नाही. मीच म्हणालो, पेठ मोठी.

आणि खेळ म्हणाल तर, कडक मैदान, बॉल उडतो वेडावाकडा, मग सगळे उंच मारतात आणि विंगरला सांगतात, पळ. तुमचं पोरगं पळणारं आहे ना? त्याला तेवढंच करायला लावतील. एक्केचाळीस किलोच्या पोराच्या मागं सत्तर किलोचा स्टॉपर (मधला बचावपटू), अलीकडं तर बाहेरून आणलेले आफ्रिकेचे तगडे गडीसुद्धा. पोराची हाडं अजून वाढतायत. विसाव्या वर्षी माझा गुडघा गेला, लिगामेंट. दुखत असताना इंजेक्शन घेऊन पुढचा सामना खेळलो. तेही माझ्याच हट्टानं. ऑपरेशनला तालमीनं घरोघर फिरून साठ हजार गोळा करून दिले. हे लिहिलं नाही तर मला रात्री झोप लागणार नाही. माया खोटी नसते. पण मायेनं माणूस बांधलाही जातो.

आता मी सकाळी एका शाळेच्या ग्राउंडवर चाळीसभर पोरं शिकवतो. कोचिंगचं डी लायसन्स केलंय. माझं मत असं की तुमच्या पोराला पुढची तीन-चार वर्षं त्याच्याच वयाच्या चांगल्या पोरांविरुद्ध भरपूर सामने मिळायला हवेत. बाकी सगळं नंतर. शाळेची टीम सुब्रोतो कपला (शाळांची देशपातळीवरची स्पर्धा) उतरते का बघा, जिल्ह्याची टीम, राज्याच्या आंतरजिल्हा स्पर्धा, आणि जमलं तर फेडरेशनच्या युथ लीगमध्ये खेळणारा एखादा क्लब. प्रबोधिनीची जाहिरात निघाली की फॉर्म भरा. तिथं आधी उंची-वजन, तीस मीटर, सहा गुणिले दहा शटल, आठशे मीटर, मेडिसिन बॉल फेक, असलं बघतात. बॉल नंतर. बरीच पोरं आठशे मीटरला मरतात, कारण रोज नुसतं शूटिंग केलेलं असतं. आजपासून आठवड्यातून तीनदा पळू द्या त्याला.

तालमीला काय सांगायचं ते उद्या लिहितो. पोरं यायची वेळ झाली.

---

एडिसनकर

डावा_बॅक, तुमचा प्रतिसाद मी ऑफिसात दोनदा वाचला.

थोडं अवांतर, पण कुणाच्या कामी येईल. इथं न्यू जर्सीत माझा भाचा सोळा वर्षांचा, इथल्या क्लबकडून खेळतो आणि आजीला फोनवर सांगतो, 'मी इंडियाकडून खेळणार.' आजी खूश. पण त्याच्याकडं अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते. ओसीआयवर जमीन-जुमल्याची कामं होतात, भारताचा टी-शर्ट मिळत नाही. भारतीय पासपोर्टच लागतो आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. २०१७च्या त्याच टीममध्ये नमित देशपांडे होता, अमेरिकेत वाढलेला, पण भारतीय पासपोर्ट होता म्हणून खेळू शकला. अराता इझुमीचे वडील गुजराती, आई जपानी. पुण्याच्या क्लबकडून खेळत असताना त्यानं जपानचं नागरिकत्व सोडून २०१२ला भारताचं घेतलं आणि पुढच्या वर्षी भारताकडून उतरला.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग सोडतो अमेरिकेचं. त्याच्या आईनं फोन काढून घेतला.

---

अनघा_मिरज

मी खेळलेली नाही. लेक खेळते. सोळा वर्षांची, सेंटर हाफ, दोन वर्षांपासून घराबाहेर हॉस्टेलवर. म्हणून आईच्या बाजूचं लिहिते, जे इथं कुणी लिहिणार नाही.

पोर बाहेर गेली की पहिले सहा महिने जेवणाचे. लेक फोनवर सगळं छान आहे म्हणायची आणि सुट्टीत आली तेव्हा गालफडं आत. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन. मैदानावर दुसऱ्या हाफमध्ये बसून जायची ती आळसानं नव्हे. मग मी दर पंधरा दिवसांनी डबा पाठवायला लागले. शेंगदाण्याचे लाडू, खजूर, अळीव. ट्रेनरनं तक्रार केली की तेलकट पाठवू नका. मी म्हटलं, लाडवात तेल नसतं, तूप असतं. शिरोलीवाले, पोराला कुठंही पाठवा, पण आधी रक्त तपासून घ्या आणि तिथल्या स्वयंपाकघरात एकदा जाऊन उभे राहा. मैदान सगळेच दाखवतात.

प्रवासाचं सांगते. एका स्पर्धेला अठरा मुलींची तिकिटं वेटिंगवरच राहिली. दोन रात्री दोन बर्थवर पाच-पाच जणी, बाकीच्या खाली पेपर टाकून. उतरल्यावर सात तासांनी सामना. ०-१ हरल्या. तिला मी विचारलं वाईट वाटलं का, तर म्हणाली, 'आई, मला झोप आली होती गं.'

स्पष्टवक्ते काकांना एवढंच सांगायचंय की त्यांनी मुलांच्या टीमचे निकाल लिहिले. मुलींचेही लिहा. ५ जुलै २०२५ला थायलंडमध्ये, थायलंडलाच २-१ हरवून आपल्या मुली २०२६च्या आशिया चषकाला पात्र झाल्या. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्याच वर्षी वीस वर्षांखालच्या पोरीही त्यांच्या आशिया चषकाला पात्र झाल्या आणि सतरा वर्षांखालच्याही. २०२२ला भारतात मुलींचा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला तेव्हा अमेरिकेकडून ०-८ हरलो होतो. आमच्या घरात टीव्ही बंद करायची वेळ आली होती, लेकीनं करू दिला नाही. त्या टीमची कॅप्टन अस्तम उरांव झारखंडच्या गुमल्याची. आणि पुण्याची काजोल डिसूझा होती त्यात. लेकीच्या वहीच्या पहिल्या पानावर काजोलचा फोटो आहे.

शेवटी एक विचारायचंय. तुमची पोस्ट दोनदा वाचली. 'धाकटी गोलात उभी राहते' असं लिहिलंय तुम्ही, एकदाच, आणि पुढं गेलात. तिचं वय काय? तिला कुणी विचारलंय?

---

शिरोली_सेकंडशिफ्ट

सगळ्यांचे आभार. डावा_बॅक, तुमचं लिहिणं बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. फ्लेक्सच्या ठिकाणी हसली, नंतर गप्प झाली. पाहुण्यांना फोन करून सांगितलं की दाखल्याचं काही करायचं नाही. त्यांना थोडा राग आला. वीस हजारवाल्याचे चार मिस्ड कॉल आहेत.

अनघाताई, धाकटी अकरा वर्षांची आहे, सहावीत. खरं सांगू, विचारलं नाही कुणी.

तालमीचं काय ते सांगा, त्यातच अडकलोय. रविवारी बैठक आहे.

---

डावा_बॅक

तालमीचं.

आधी, फोनवर सांगू नका. आणि बैठकीत चारचौघांत तर अजिबात नको. तिथं 'नाही' म्हटलं की तो अपमान होतो आणि मग विषय पोराचा राहत नाही, तुमच्या आणि कारभाऱ्यांच्या मानापानाचा होतो. शनिवारी संध्याकाळी एकटे जा, नारळ घेऊन जा. तालमीतल्या मारुतीसमोर ठेवा. मग ज्या वडीलधाऱ्यांचा शब्द चालतो त्यांच्याशी बाहेर कट्ट्यावर बोला.

'पाठवणार नाही' असं म्हणू नका. 'अठरा झाला की आधी तुमच्याकडंच येणार, तोवर तीन-चार वर्षं मला द्या,' असं म्हणा. आणि खोटं म्हणून नव्हे, खरंच म्हणा. ते म्हणतील, पोरगं आमच्याकडं तयार होईल. तेव्हा माझा गुडघा सांगा. पेठ सांगत नाही, पण नुसतं 'डावा बॅक, गोललाइनवरून बॉल काढलेला' म्हणा, जुन्या लोकांना कळेल. ऑपरेशनला त्यांनीही पैसे दिले होते, माझी तालीम दुसरी असली तरी त्या वेळी सगळ्या पेठांनी दिले होते.

अजून एक. पोराला हे तुम्ही सांगू नका. त्याला वाटेल बाप घाबरला. त्याला राहुल भेकेचं सांगा. मुंबईचा गडी, बचावात खेळतो. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी त्याला कुणी भारताकडून खेळ म्हणून बोलवलं नव्हतं. क्लबमागून क्लब खेळत राहिला. २०१९च्या मार्चमध्ये आयएसएलच्या (देशातली वरची लीग) फायनलला मुंबईतच, जादा वेळ संपायला थोडीच मिनिटं उरली असताना डोक्यानं गोल मारून बेंगळुरूला कप दिला. त्यानंतर जूनमध्ये भारताकडून पहिला सामना. तेव्हा वय अठ्ठावीस! पुढं २०२४ला मुंबई सिटीचा कॅप्टन म्हणून आयएसएलचा कप उचलला. म्हणजे चौदाव्या वर्षी काही हुकलं तर सगळं हुकलं असं नाही. पण त्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत गुडघे शिल्लक पाहिजेत.

आणि स्पष्टवक्ते साहेबांचं आयटीआयही डोक्यात ठेवा, मी चेष्टा करत नाही. पुण्यात क्लब निघाले आणि बघता बघता बंद पडले. मुंबईतली महिंद्रा युनायटेडसारखी नावाजलेली टीम २०१०ला गुंडाळली गेली. माझ्याबरोबरचे चार जण त्या लाटांमध्ये गेले आणि आले. त्यातला एक आज खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरीत आहे, कारण त्यानं प्रत्येक स्पर्धेचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फाइलीत लावून ठेवलं होतं आणि ग्रॅज्युएशन सोडलं नव्हतं. दुसऱ्याची सर्टिफिकेटं २०१९च्या पुरात गेली. फाइल करा. माळ्यावर ठेवा.

---

स्पष्टवक्ता_७२

मी १९८१ला शिक्षण सोडून क्रिकेटच्या मागं लागलो होतो, म्हणून तसं लिहिलं. असो. फाइलीचा सल्ला उत्तम. झेरॉक्स काढून दुसऱ्या घरीही ठेवा.

---

शिरोली_सेकंडशिफ्ट

शनिवारी जाऊन आलो. नारळ नेला होता.

पहिली पंधरा मिनिटं नुसता वडिलांचा विषय. मग मी बोललो. एक कारभारी तडक उठून आत गेले. मला वाटलं संपलं. ते पाणी प्यायला गेले होते. परत येऊन म्हणाले, अठरा म्हणजे अठरा, एक दिवस जास्त नाही, आणि मध्ये दुसऱ्या पेठेकडून खेळला तर घरावर मोर्चा. हसत म्हणाले, पण म्हणाले. डावा_बॅक, तुमचं सांगितलं. एकजण लगेच म्हणाले, 'दात मोठे होते तोच का?'

पोरगं रुसलंय. दोन दिवस जेवताना बोलला नाही. आज पहाटे मात्र मी झोपलेला असताना दाराची कडी वाजली. आठशे मीटर मोजायला गेला होता, मोबाइलवर वेळ लावून. तीन मिनिटं दोन सेकंद. चांगलं की वाईट ते तुम्हीच सांगा.

अनघाताई, धाकटीला विचारलं. म्हणाली, 'मला गोलात नको. मला पुढं खेळायचंय. दादा उभं करतो म्हणून उभी राहते.'

---

डावा_बॅक

तीन-दोन म्हणजे काम आहे. होईल.

रविवारी सकाळी सहाला दोघांनाही घेऊन या, ग्राउंडचा पत्ता मेसेज करतो. माझ्याकडं सध्या सहा मुली आहेत, सातवी चालेल. तिला स्टड नसतील तर विकत घेऊ नका. लहान मापाचे जुने चार जोड पडून आहेत. नंबर कळवा.

---

शिरोली_सेकंडशिफ्ट

तीन नंबर. जाड मोजे घातले तर चारही चालेल म्हणते.

---

अनघा_मिरज

तीनच द्या. सैल स्टडनं नखं जातात.